जाळ्याची खुंटी

आरे-वारेच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"शमिका, आंब्याची जखम भरली गो! चारी बाजूंनी नवी साल येऊन मिटली!"

"जिच्यावरून सासऱ्यांनी अबोला धरला, तीच फांदी?"

"तीच. त्यांना मासेमारीचं जाळं टांगायला फांदीची वीतभर खुंटी ठेवायला हवी होती. मी फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं ना, तिथूनच कापली."

"ठेवायची होतीस खुंटी! काय बिघडलं असतं?"

"खुंटी कुजते, मग खोडही पोखरतं. त्यांनी मागे दुसऱ्या फांदीची ठेवलेली जुनी खुंटी आतून नुसता भुसा झालीय."

"मग, बोलले का आता?"

"आज सकाळी जुन्या खुंटीवरचं जाळं उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतलं, करवत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'अलफिया, हीपण काप.'"