चार्जरच्या भोकातला रुपया

हसू नका, पण माझं पहिलं माहेरपण एका फ्यूजवर अडलं होतं. जाफराबादला निघायचं, आणि नव्या गाडीतला चार्जरचा फ्यूज बसवला की उडायचा. हे फ्यूजबॉक्स उघडून बसलेले. सासरे म्हणाले, "वायरिंग जळंल. असल्या गाडीत सूनबाईला पाठवायचं न्हाई."

मी हळूच विचारलं, "चार्जरच्या भोकाला कुंकू कसं लागलंय?"

ह्यांनी चिमट्यानं आतून रुपया काढला. "आई, ह्याच्यानंच फ्यूज उडून राह्यला."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "गाडीची पूजा केल्ती. मला ती दानपेटी वाटली. रुपया कमी पडला असंल."

मंग फ्यूज टिकला. निघताना सासूबाईंनी पाचाचं नाणं घेऊन खिडकीतून हात आत घातला. मी पाया नंतर पडले. आधी ते भोक तळहातानं झाकलं.