कागदावरचं नाव

यांजी : चहा घे, निवतोय.

ग्याल्जेन : वहिनी, तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

यांजी : काय बघू? काल एक गोरी बाई तुझं पुस्तक काखेत मारून दारात आली. तुझ्या भावाचं नाव घेतलं, चांगलं मोठ्यानं. म्हणे, हे त्यांचंच घर ना? माझ्या हातातली किटली पडली रे.

ग्याल्जेन : नाव घेतलं?

यांजी : ते बर्फात गेले तेव्हापासून या घरात कुणी घेतलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही. गेलेल्याला हाक मारली की तो मागे वळतो, पुढची वाट चुकतो. तुला रीत ठाऊक नव्हती?

ग्याल्जेन : होती. पण इतकी वर्षं गोऱ्यांचे दोर आम्ही बांधले, आणि त्यांच्या पुस्तकांत आम्ही कोण? नुसते ‘आमचा शेर्पा’. दादाचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून चढणं सोडून लिहायला बसलो. वाटलं, कागदावर लिहिलं म्हणजे काही हाक मारली असं नाही.

यांजी : आणि काठमांडूला माईकवर वाचलंस, ते?

ग्याल्जेन : पहिल्यांदा जीभच वळेना.

यांजी : मग?

ग्याल्जेन : लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे... सवय झाली.

यांजी : सवय!

ग्याल्जेन : तेच खातंय मला. लाज वाटते, वहिनी. तुमच्या दारात पाय टाकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या गावच्या शाळेत वाचायचंय, तिथे नाही म्हणून कळवतो.

यांजी : नाही कशाला? पोरं केव्हाची वाट बघतायत. वाच. नाव आलं की थांब जरा, आणि पुढे जा. आपलीच पोरं आहेत, त्यांना कळेल.

ग्याल्जेन : थांबेन.

यांजी : आणलंयस का ते पुस्तक? काढ.

(ग्याल्जेन पिशवीतून पुस्तक काढून उघडतो. यांजी ओले हात पुसते आणि चुलीच्या उजेडाकडे सरकते.)

यांजी : मला अक्षर येत नाही. कुठे आहेत ते? वाचू नकोस हं. नुसतं बोट ठेव.

ग्याल्जेन : हे... इथे.

यांजी : एवढेसे?

ग्याल्जेन : हो.

यांजी : बोट काढ ना. दिसत नाहीत मला.