बंद दारामागचं ट्रंपेट

बाबा : बाजूला व्हा बाई. एक धक्का दिला की कडी निखळेल.

बाई : अहो, थांबा! आत सगळी वाद्यं आहेत, मोठा ढोल दाराला टेकलाय. आणि दार तोडून बाहेर काढलेली मुलगी स्टेजवर वाजवणार काय?

बाबा : मग काय करू? तिकडे बक्षिसं वाटून होत आली. मग तुमचा बँड. मला डेपोत पोचायचंय, संध्याकाळची बस माझ्याकडे आहे. पोरगी पहिल्यांदा वाजवणार म्हणून हातापाया पडून ड्यूटी पुढे ढकलली, तर ही खोलीत कडी लावून बसलीय! ठमे, उघड!

ठमी : नाही उघडणार.

बाबा : सकाळी तर उड्या मारत आली होती हो. झालं काय मध्येच?

बाई : मघाशी हॉलमध्ये शेवटची तालीम झाली. हिच्या ट्रंपेटमधून भलताच आवाज निघाला. मोठ्या वर्गातली मुलं खुर्च्या लावत होती, ती हसली.

ठमी : हसली नाहीत. लोळली.

बाई : बरं, लोळली.

ठमी : एक म्हणाला, कुणाची म्हैस अडलीय का?

बाबा : कोण तो? नाव सांग फक्त.

बाई : तुम्ही त्या बाकावर बसता का जरा?

बाबा : बसवतंय कुणाला!

बाई : ठमे, ऐकतेस ना? सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं गं. रोज सराव केला की...

ठमी : केला! रोज केला. सराव केला की येतं असं तुम्हीच म्हणालात. नाही आलं. तुम्ही खोटं बोललात.

बाबा : ए! बाईंशी असं बोलायचं?

बाई : बोलू द्या तिला.

ठमी : शेजारच्या काकू भिंत ठोकायच्या. तरी केला. गादीत तोंड खुपसून केला.

बाबा : हे मात्र खरंय. घरात दुसरं काही ऐकूच यायचं नाही.

ठमी : आणि बाबा म्हणायचे, डेपोतून गाडीचा हॉर्न दुरुस्त होऊन आला वाटतं.

बाबा : अगं, गंमत होती ती.

ठमी : पाहुण्यांसमोर पण केलीत. मामा आला तेव्हाही केलीत.

बाबा : बाई, मी आपलं सहज म्हणालो हो. तीसुद्धा हसली होती.

ठमी : मग काय करणार? सगळेच हसत होते.

बाई : ठमे, मी अर्धंच सांगितलं होतं तुला. सराव केला की येतं. कधी येतं, ते मला माहीत नसतं. कुणाला पटकन येतं, कुणाचं वर्ष जातं. असं पहिल्याच दिवशी सांगितलं तर निम्मी मुलं पळून जातील, म्हणून सांगत नाही.

ठमी : मला किती लागेल?

बाई : माहीत नाही.

ठमी : वर्ष?

बाई : लागेलही.

बाबा : अहो, तिला धीर देताय की होता तोही घालवताय?

बाई : तिला खोटं चालत नाहीये, दिसतंय ना? ठमे, नेमकं अडतं कुठे?

ठमी : तिसऱ्या ओळीत. वर जायचं असतं तिथे.

बाई : वाजव बघू. तिथपर्यंतच.

ठमी : तुम्ही हसाल.

बाई : मध्ये दार आहे. हसले तरी तुला दिसणार नाही.

ठमी : बाबांना लांब जायला सांगा.

बाबा : गेलो. जिन्यापर्यंत गेलो, झालं? ... अरे, हे चांगलं वाजतंय की! बाई, ऐकताय ना? वा, वा, आता... अरेरे.

बाई : श्श! ठमे, तुझा श्वास वर चढायच्या आधीच संपतोय. मग तू ओठ आवळून ढकलतेस. खांदे कानाला लावतेस ना?

ठमी : तुम्हाला कसं दिसलं?

बाई : ऐकू आलं. आता मी सांगते ते कर. आज वरचा सूर सोडून दे. तिथे थांब, पोटभर श्वास घे आणि पुढच्या ओळीला परत ये. वरचा सूर तुझ्या शेजारी वाजवणारा बारक्या घेईल.

ठमी : ही फसवाफसवी झाली.

बाई : मोठ्ठे बँडही असंच करतात. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाणंच तुटेल. एक थांबतो तेव्हा शेजारचा वाजवतो, मग तो थांबतो.

ठमी : आणि बारक्याला नाही जमलं तर?

बाई : तर तू खालचा सूर धरून ठेव.

ठमी : तो कुठेय?

बाई : जिन्यात. ठमी नाही तर मीपण नाही म्हणतोय.

ठमी : रडतोय?

बाबा : छे, रडत नाही. नाक तेवढं सारखं पुसतोय. ठमे, ऐक ना. ते हॉर्नचं मी पुन्हा काढणार नाही.

ठमी : मामासमोर?

बाबा : कुणासमोरच नाही.

ठमी : माझ्यासमोर पण?

बाबा : तुझ्यासमोर पण. उघड की आता. टाळ्या थांबल्या बघ तिकडे, नाव पुकारतील.

ठमी : ढोल सरकवावा लागेल. जड आहे तो.

बाबा : तू कडी काढ, मी इकडून लोटतो.

बाई : अहो, हळू!

(कार्यक्रम आटोपल्यावर, शाळेच्या फाटकाशी.)

ठमी : बाबा! तुम्ही इथेच? आणि बस?

बाबा : फोन केला. दुसऱ्याने घेतली पहिली फेरी. चार शब्द ऐकवून घेतली, पण घेतली.

बाई : सापडलीस! स्टेजवरून उतरलीस ती गायबच.

ठमी : बाई, बारक्या मध्येच बंद पडला.

बाई : बघितलं मी.

ठमी : त्याला समोर त्याची बहीण दिसली. तो हसला आणि त्याचे ओठच सुटले. वरचा सूर कुणीच वाजवला नाही! मी खालचा धरून ठेवला, तुम्ही म्हणालात तसा. पण सोडायचा कधी तेच कळेना.

बाबा : मला वाटलं, गाण्यातच तसं असेल.

बाई : बारक्या परत आला ना पण?

ठमी : आला. ओळ अर्धी झाल्यावर.

बाबा : मागे कुणी हसलं का गं? मी दारात होतो, मला नीट कळलं नाही.

ठमी : हसलं वाटतं कुणीतरी. माझं लक्ष नव्हतं. मी मात्रा मोजत होते.

बाई : इकडे बघ. ओठ किती सुजलाय! ट्रंपेट पेटीत घाल. आज हात लावायचा नाही, उद्याही नाही.

ठमी : उद्या पण नाही?

बाई : नाही.

ठमी : नुसती बोटं चालवली तर? न फुंकता?