चौथा सुरुंग

...आन मला सांगा, किकवीच्या पंचायतीत टीव्ही आणायचं कुणाला सुचलं? त्या टीव्हीनंच घात केला! चौऱ्याहत्तर साल. आमची रतनवैनी, म्हंजी माज्या थोरल्या भावाची, गेनबादादाची बायकू, सांजच्याला म्होरं बसून नाटक बघायची. एका सांजंला त्यात एक बाई खाणीवर इंजिनेर. बाप्ये दात काढत्यात, आन ही आपली म्हणती, "काम थांबवा!" थांबवा? बाई सांगनार? आमी लई हसलो. वैनी न्हाई हसली. तवाच वळखाय पायजे व्हतं...

दुसऱ्या दिशी हिरीचं खोदकाम. दादा सुरुंग लावनार, म्या दगूड भरनार, वैनी पाटी डोक्यावर घिऊन शिडी चढनार. दादानं चार वाती पेटवल्या, वर पळाला. धडाम... धडाम... धडाम! मग गप. अशी गप, तुमास्नी सांगतो, लिंबावरचा कावळाबी हलंना!

"चला रं खाली!" सावळाराम मुकादम वरडला.

"तीनच वाजलं," वैनी म्हनली.

"दोन संगट उडलं, बाई! तू पाटी उचल, मोजाय आमी हाय. किती रं सोपान?"

आता मुकादम असा म्होरं उभा, म्या काय म्हननार? "चार!"

दादा शिडीकडं निघाला. आन ही वैनी, जी मुकादमाम्होरं कंदी मान वर करत न्हाई, ती पदर खोचून शिडीच्या तोंडाशी आडवी बसली की वो! दादाचं धोतार मुठीत. "काम थांबवा!" बगा, त्या टीव्हीनं घात केला का न्हाई? नंतर मला म्हनली, "भावजी, उठले असते तर ह्यास्नी कुठनं आनलं असतं?"

मुकादमानं दंडाला धरून वढली. "ऊठ! उद्यापास्नं कामावर दिसू नगंस!" शिडी मोकळी झाली... धोतार काय सुटंना...

आन हिरीनं आवाज दिला.

दगूड लिंबाच्याबी वर! शिडीचा भुगा! समदी पालथी पडलेली. दादा बायकूच्या मुठीतल्या धोतराकडं बघतोय.

आठ दिसांनी पंचायतीत सत्कार झाला. कुणाचा? मुकादमाचा! 'येळंवर काम थांबवलं' म्हनून! हार, नारळ, समदं. म्याबी टाळ्या वाजवल्या... काय करता!

वैनी? ती कशी येनार? मुकादमानं तिला परत पाटीवर घेतली न्हवं! दगूड का आपापला वर येतोय व्हय?