हौद्याचे माप

ठिकाण: वाहतूक पोलीस ठाणे, हेब्बाळजवळ, बंगळूर. दि. 6 फेब्रुवारी 2025, गुरुवार, सकाळी 11 वाजून 20 मिनिटे.

नाव: नागोजीराव खंडोजीराव लाड. वय: 63 वर्षे. धंदा: शिंपीकाम, गणवेशाचे. राहणार: बाजारामागची तिसरी गल्ली, दुकानाच्या वरचा मजला, शिवाजीनगर, बंगळूर.

मी वरील पत्त्यावर राहणारा, कोणी न बोलावता ठाण्यात येऊन सांगतो की, माझा जन्म याच शहरातला असून मला कन्नड लिहिता-वाचता उत्तम येते. तरी हा जबाब मी मराठीत देत आहे. कारण माझा कन्नड जबाब काल संध्याकाळीच तयार झाला आहे आणि तो मी दिलेला नाही. आमच्या समाजाचे अध्यक्ष श्री. अप्पासाहेब तो टाइप करून माझ्या घरी घेऊन आले, खाली माझे नाव, सहीची जागा तेवढी रिकामी. त्यात असे लिहिले आहे की, चालक कल्लाप्पा याने समाजाची गाडी बेफाम हाकली, त्यामुळे माझ्या पत्नीची तिरडी रस्त्यावर पडली आणि अपघात होताच तो पळून गेला. मी सही केली नाही. मी घरी ज्या भाषेत बोलत आलो त्याच भाषेत काय ते सांगतो, असे मी म्हटले. हवालदार महांतेश हे निपाणीकडचे आहेत, त्यांनी मराठीत लिहून घेण्याचे कबूल केले. कन्नड भाषांतर ते सोबत लावतील.

गाडी कशासाठी घेतली असे विचारल्यावरून सांगतो की, दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील भागुबाईंचे यजमान वारले तेव्हा शववाहिका यायला चार तास लागले. एप्रिल महिना होता. बर्फाच्या लाद्या वितळून पाणी माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले होते. त्या दिवशी समाजाने ठरवले की, मयतासाठी आपली स्वतःची गाडी पाहिजे. घरोघरी वर्गणी झाली. लोकांच्या घरी भांडी घासणाऱ्या बायकांनीसुद्धा दिली. गाडी कशाला हवी आहे हे प्रत्येकाला माहीत होते. ते विसरलो फक्त आम्ही चौघे, ज्यांना ती निवडायची होती. अध्यक्ष अप्पासाहेब, उपाध्यक्ष शंभूराज, सचिव यशोवर्धन आणि मी. मला घेतले ते "नागोजीला मापातले कळते" म्हणून.

सचिव यशोवर्धन व्हाइटफील्डला राहतो. त्याच्याकडे स्वतःची पाच सीटची पिकअप आहे, अपार्टमेंटच्या तळघरात उभी असते. तिच्या हौद्यात मी आजवर एक क्रिकेटची बॅट आणि एक योगासनाची चटई, एवढाच माल पाहिला आहे. सप्टेंबर महिन्यात तो आम्हाला ती गाडी जिथून घेतली त्याच शोरूममध्ये घेऊन गेला. चालक म्हणून ठेवायचे ठरले होते त्या कल्लाप्पालाही सोबत नेले होते. कल्लाप्पा, वय 34, हा बेळगाव जिल्ह्यातला. त्याने नऊ वर्षे भाजीची पिकअप चालवली आहे. आमच्या पाच जणांत पिकअपमधले ज्याला कळत होते असा तो एकटा. म्हणून त्याला कोणी विचारले नाही.

शोरूममधील हयवदन नावाच्या गृहस्थांनी आम्हाला बसवून चार गोष्टी विचारल्या. काय भरणार, ते केवढे लांब, महिन्यातून किती वेळा, आणि गाडी कुठल्या गल्लीत न्यायची. प्रश्न अगदी बरोबर होते हे मला आज कळते. अप्पासाहेब म्हणाले, "समाजकार्य." हयवदन म्हणाले, "सरी सर, ठीक आहे, पण लोड काय?" दसरा तोंडावर आलेला, समोर हार घातलेल्या नव्या गाड्या, तिथे मयताचे नाव कोण काढणार? आमच्यात ते अभद्र मानतात. मीही मानतो, म्हणजे परवापर्यंत मानत होतो. शेवटी यशोवर्धनने सांगितले की, देवीची मिरवणूक काढायची असते. खोटे नव्हते. वर्षातून एकदा काढतो.

त्यांनी दोन गाड्या दाखवल्या. पहिली दोन सीटची, पांढरी, साधी, मागे आठ फुटांचा हौदा. तिला पाहून यशोवर्धन म्हणाला, "ही तर टोमॅटोची गाडी झाली." शंभूराज म्हणाले, "आणि पदाधिकाऱ्यांनी बसायचं कुठं?" दुसरी पाच सीटची, आत एसी, पुढे रुंद चकचकीत जाळी. हिचा हौदा पाच फुटांचा. मागच्या तीन सीटना जागा लागते ती हौद्यातूनच कापलेली असते, हे हयवदन यांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. मी ते ऐकले. ऐकले नाही असे आता कोणी म्हणू नये.

मी टेप लावला. देवीचे सिंहासन चार फूट बाय साडेतीन, हे मी आदल्या दिवशी देवळात जाऊन मापून वहीत लिहून घेतले होते. मी हौदा मापला आणि म्हणालो, "बसते." माझा शब्द शेवटचा धरला गेला. त्या वेळी कल्लाप्पा म्हणाला, "अण्णा, गाडी झकास हाय, खरं मी जरा मागं आडवा पडून बघतो. माणूस काय पाच फुटात मावत नाही." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणालो, "तोंड सांभाळ. शुभकार्याला आलोय." हयवदन आमच्या तोंडाकडे बघत राहिले. ते काही बोलणार तेवढ्यात अप्पासाहेबांनी रंग कुठले कुठले आहेत म्हणून विचारले. नंतर पेढे वाटले. कल्लाप्पाने पेढा घेतला, खाल्ला नाही.

गाडी आली त्या दिवशी माझी पत्नी कौशल्या हिने ओवाळले आणि चाकाखाली लिंबू ठेवले. मागे जाऊन तिने हौद्यात डोकावून पाहिले आणि मला म्हणाली, "अहो, मागचं स्वल्प आखूड झालंय नव्हं? बाही कापून कॉलर मोठी केल्यागत दिसतंय." मी चारचौघांत तिला म्हणालो, "तुला गाडीतलं काय कळतं?" ती ताट घेऊन घरी गेली.

त्यानंतर गाडीचा वापर कसा झाला असे विचारल्यावरून सांगतो की, दसऱ्याला देवीची मिरवणूक झाली, सिंहासन बरोबर बसले, सगळ्यांनी माझे कौतुक केले. पुढच्या चार महिन्यांत समाजात तीन मयत झाले. पहिल्या वेळी पदाधिकारी गाडी घेऊन तिरुपतीला गेले होते. दुसऱ्या वेळी अप्पासाहेबांच्या नातीच्या साखरपुड्याला गाडी लागत होती. तिसऱ्या वेळी जाळीला ओरखडा गेला म्हणून ती गॅरेजमध्ये होती. तिन्ही घरांनी बाहेरून शववाहिका मागवली आणि वाट पाहिली. त्यामुळे ज्यासाठी गाडी घेतली ते काम तिने करून दाखवायची वेळच आली नव्हती.

दि. 4 रोजी मंगळवारी सकाळी सहा वाजता माझी पत्नी चहा ठेवायला उठली आणि ओट्याशीच खाली बसली. डॉक्टर आले तेव्हा सहा पन्नास झाले होते. त्यांनी सांगायचे ते सांगितले.

गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून तिरडी खांद्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत आणली. तिरडीचे बांबू सात फुटांचे. दोन फूट बाहेर राहिले. हौद्याचे मागचे झाकण, म्हणजे फाळका, लागेना. कल्लाप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अण्णा, हे असं न्यायचं नाही. अर्धा तास थांबूया, मी दुसरी गाडी मागवतो. माझ्या जुन्या मालकाची भाजीची गाडी हाय, धुऊन आणतो." अप्पासाहेबांनी ते ऐकले. ते म्हणाले, "समाजाची गाडी दारात असताना आपल्या माणसाला भाजीच्या गाडीतून न्यायचं? लोक काय म्हणतील?" आणि माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. नुसता गप्प बसलो असतो तरी त्या दिवशी मला कोणी काही म्हणाले नसते. पण मी मान हलवली.

कल्लाप्पाने दोरी बांधली. बाहेर आलेल्या मालाला लाल फडके लावावे लागते असे त्याने सांगितले, म्हणून मी दुकान उघडून लाल कापडाचा तुकडा काढून दिला. लोखंडी सळ्यांना बांधतात तसा तो बांबूंच्या टोकांना बांधला. ती सवाष्ण गेली होती, हिरवी साडी नेसवलेली होती. त्यावर ते फडके दिसत होते.

गाडीत कोण कोठे बसले होते असे विचारल्यावरून सांगतो की, पुढे कल्लाप्पा आणि मी. मागच्या सीटवर अप्पासाहेब, शंभूराज आणि यशोवर्धन. पाचही सीट भरल्या होत्या. हौद्यात तिच्याजवळ बसायला जागा नव्हती, त्यामुळे तिच्याजवळ कोणी नव्हते. एसी चालू होता. काचा बंद होत्या. अप्पासाहेब फोनवर कोणाला तरी समाजाच्या गाडीविषयी अभिमानाने सांगत होते.

वेगाबद्दल सांगतो की, आम्ही दुपारी बारा दहाला निघालो. मी काट्याकडे बघत होतो, दुसरीकडे बघवत नव्हते. काटा वीसच्या वर गेला नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, तरी कल्लाप्पाने वेग वाढवला नाही. बारा पन्नासच्या सुमारास, हेब्बाळची स्मशानभूमी सव्वा किलोमीटर राहिली असता, रस्त्यावर हंप, म्हणजे गतिरोधक, आला. त्याने गाडी जवळजवळ थांबवून पुढची चाके उतरवली. मागची चाके चढली तेव्हा दोरी सुटली. फाळका लागलेला नव्हता. अडवणारे काही नव्हते.

मागून स्कूटरवर कु. चंदना, वय 26, या योग्य अंतर ठेवून येत होत्या. समोर जे पडले ते पाहून त्यांनी ब्रेक मारला आणि त्या घसरल्या. त्यांचे डावे मनगट मोडले आहे. त्यांची काही चूक नाही. त्या मुलीने जे पाहिले त्याबद्दल मी तिची हात जोडून माफी मागतो.

मी आरशात पाहिले. माझ्या पत्नीचा चेहरा डांबराकडे होता. यापुढचे दोन मिनिटांचे मी सांगत नाही. जबाबाला त्याची गरज नाही, असे हवालदारही म्हणाले. लोक मोबाइल काढून उभे होते एवढे लिहा.

कल्लाप्पा सगळ्यांत आधी उतरला. त्याने अंगातला शर्ट काढून माझ्या पत्नीच्या तोंडावर घातला. मग चंदना यांना उचलून कडेला बसवले, पाणी दिले, फोन करून अँब्युलन्स बोलावली. एक वाजून पाच मिनिटांनी त्यांना अँब्युलन्समध्ये चढवेपर्यंत तो तिथून हलला नाही. मग मला म्हणाला, "अण्णा, अक्काला परत त्या गाडीत घालायचं नाही." मी हो म्हटले. चार खांदे पाहिजे होते. मी काच वाजवली. अप्पासाहेबांनी ती चार बोटे खाली केली आणि म्हणाले, "गाडीपाशी कोणीतरी थांबायला पाहिजे, नागोजी." तिघेही थांबले. समाजाच्या गाडीला त्या दिवशी तीन माणसे मिळाली.

चालक घटनास्थळ सोडून गेला हे खरे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, होय, खरे आहे. एक वाजून दहा मिनिटांनी तो गेला. पुढचा उजवा खांदा त्याचा होता, डावा माझा. मागे दोन रिक्षावाले होते, आपापल्या रिक्षा कडेला लावून आलेले, त्यांची नावे मला माहीत नाहीत. सव्वा किलोमीटर उन्हात तो बनियनवर चालला. मला दोनदा खांदा बदलावा लागला, त्याने एकदाही बदलला नाही. एक चाळीसला आम्ही पोहोचलो. पोलीस गाडीपाशी आले तेव्हा चालक पळाला असे त्यांना ज्यांनी सांगितले, त्यांना तो कुठे आणि काय घेऊन गेला हे दिसत होते. काच खाली होती.

कल्लाप्पाचे लायसन्स जप्त आहे. त्याला आज पुन्हा बोलावले आहे. या खोलीच्या दारातून तो मला बाकावर बसलेला दिसतो आहे. त्याने मघाशी मला नमस्कार केला. माझे म्हणणे असे की, त्याच्या नावापुढे जे लिहिले आहे ते माझ्या नावापुढे लिहावे. गाडी निवडली आम्ही, बसते असे सांगितले मी. त्याला आडवे पडून बघू दिले असते तर त्याचे पाय बाहेर आले असते आणि एवढे बघून आम्ही सगळे घरी गेलो असतो. त्या दिवशी टेप माझ्या गळ्यात होता. एकतीस वर्षे मी तिचे ब्लाउज शिवले, तिचे माप कधी वहीत लिहून ठेवावे लागले नाही. मी देवळात जाऊन देवीचे माप घेऊन आलो.

हा जबाब हवालदार महांतेश यांनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला. धपाट्याचे वाक्य काढायचे काय, असे त्यांनी विचारले, मी ठेवा म्हटले. आणखी काही राहिले काय, असे विचारले. एक राहिले होते, कागदावर त्याला रकाना नाही म्हणून खाली लिहून घेतले. मयत कौशल्या नागोजीराव लाड, उंची पाच फूट चार इंच. बाकी सगळे मी सांगितल्याप्रमाणे आहे, बरोबर आहे.

सही: नागोजीराव खं. लाड