भट्टीच्या मळाची भिंत

पुरवणी जबाब

मी, जहांआरा मुख्तार शेख, वय ४१ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. लासूर स्टेशन, ता. गंगापूर. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगी उजमा हिच्यासह राहते. माझे पती मुख्तार हे वाळूजला फाउंड्रीत भट्टीवर कामाला होते. लोखंड वितळताना वर येणारा मळ, ज्याला स्लॅग म्हणतात, तो ते मालकाला विचारून घरी आणत. बारीक दळून त्यात चुना मिसळत आणि सिमेंटऐवजी वापरत. त्यातून त्यांनी घरामागे एक खोली बांधली. "हे सावकाश धरतं, घाई करायची नाय," असे म्हणत.

गेल्या हिवाळ्यात शेजारी काकासाहेब यांनी पतींकडून त्याच मालाने गोठ्याची भिंत बांधून घेतली. थंडीमुळे भिंतीतला माल अजून घट्ट धरला नव्हता. काकासाहेबांना घाई होती. पतींना नाही म्हणता आले नाही, त्यांनी भिंतीवर छताचे पत्रे चढवले. भिंत पडून शेळी मेली. काकासाहेब एवढेच म्हणाले, "मुख्तारभाई, शेळीचं जाऊ द्या. लेकरू असतं तं?" पती त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्युटीला म्हणून गेले, ते परतले नाहीत. म्हणून मी मिसिंगची खबर दिली होती.

आज पोलीस ठाण्यात हवालदार संध्या मॅडम यांनी सांगितले की, पती मिळून आले. ते परराज्यात मजुरी करतात. स्वखुशीने गेलो, पत्ता घरी देऊ नका, असे ते मॅडमशी फोनवर बोलले. मी पत्ता मागितला नाही. आवाज कसा होता, ते विचारले. मॅडम म्हणाल्या, "दमलेला वाटला. मुलीचं विचारलं." माझे विचारले का, हे मी विचारले नाही.

त्यांना निरोप द्यावा की, घरामागची खोली उभी आहे. पावसाळ्यात ओल आली नाही. उजमा तिथेच अभ्यास करते. काकासाहेबांनी गोठ्याची ती बाजू ताडपत्रीने झाकून ठेवली आहे, दुसरा गवंडी लावला नाही. म्हणतात, "भाभी, मुख्तारभाई आले की उन्हाळ्यात बांधू."

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मिसिंग बंद करण्यास हरकत नाही.

जबाब वाचून दाखवताना मॅडमनी विचारले, निरोपात "परत यावे" असे लिहू का. मी "लिहा" म्हणाले. तेवढे वाढवून पुन्हा वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.