टेरेसवरचं भात आणि बोअरचं पाणी

नाही, पण मला एक सांगा, बायको जाताना म्हणाली, "पाणी घाला", मी पाणी घातलं, सकाळी घातलं, संध्याकाळी घातलं, गुडघे बोंबलत असताना जिने चढून घातलं, कारण आमची लिफ्ट टेरेसपर्यंत जात नाही... आणि वर वॉचमनपासून चेअरमनपर्यंत जो तो माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी कोणाचं पोर विहिरीत ढकललंय. माझं काय चुकलं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही पण तिचीच बाजू घ्याल. मी दिनानाथ, करंजाड्यात राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी. मूळ आम्ही उरणकडचे, खाडीला लागून शेत. आमचं म्हणजे आता वेणूवहिनीचं, कारण माझा थोरला भाऊ, मारोतीदादा, गेल्यापासून भात तीच करते. मी बंदरावर क्लार्की धरली आणि चिखलातून सुटलो. आता खाडीचं असं आहे, पूर्वी उधाण यायचं ते अमावास्या-पौर्णिमेला, सांगून-सवरून. आता? मे महिन्यातच धो धो पाऊस, मग जून कोरडा ठणठणीत, वारा कुठूनही, पाणी कधीही बांधावर... यंदा रोपं वीतभर झाली आणि उधाणाने बांध फोडला. खारं पाणी आत, रोपं खलास. वहिनीकडे थोडंसं बी उरलं होतं, बस्स. ते गेलं की शेत पडीक. आणि आमच्याकडे शेत एकदा पडीक राहिलं की बांधाकडे कोण बघत नाही, तिवरं उगवतात, खाडी आत येऊन बसते आणि शेत परत मिळत नाही. गेलं म्हणजे गेलंच. शेजारच्या दोघांचं असंच गेलंय.

वहिनी आणि आळीतल्या बायका लागल्या बांधावर गाळ टाकायला, कारण पुरुष सगळे कंटेनर यार्डात ड्युटीवर. पण बी पेरायचं कुठे? जमीन तर खारट. तेवढ्यात आमची अरुणा, म्हणजे बायको, फोनवर, मी शेजारी बसलेलो असताना, मला न विचारता... "वहिनी, आमचं टेरेस रिकामंच आहे की."

तिकडून वहिनी, "चवथ्या माल्यावर तं उधान येनार नाय ना?"

"नाही हो."

"मंग झाला."

झालं कसलं? सोसायटी म्हणजे काय बापाची शेती आहे? मीटिंग घ्यावी लागली. चेअरमन शहाजीराव, घाटावरचे, मिशीवरून हात फिरवत, "सेक्रेटरीसाहेब, वॉटरप्रूफिंग नवं केलंय. उद्या आमच्या बेडरूमात भात उगवलं तर कापायला तुम्ही येणार का?" मी उभा राहिलो, तुम्हाला सांगतो, कधी स्वतःच्या लग्नात एवढा बोललो नव्हतो. म्हटलं, खाली प्लास्टिक, वर ट्रे, ट्रेमध्ये दोन बोटं माती, भार नाही, लीकेज नाही, महिन्याभरात रोपं उचलून नेतील. आणि नियमाप्रमाणे टाकीच्या पाण्याला हात लावणार नाही, झाडांना बोअरचंच पाणी. हा नियम माझाच. टँकर किती मिनतवारीने येतो ते मलाच माहीत, म्हणून टेरेसच्या नळावर पाटीसुद्धा मीच लावलीय. सगळ्यांनी माना डोलावल्या. अरुणा मीटिंगला नव्हती, ती खाली टेम्पोतून माती उतरवत होती. आता ती मीटिंगला नव्हती यात माझं काय चुकलं?

बायका आल्या, पेरणी झाली. त्यात आमच्या घरची एक रीत. पहिली मूठ जुन्या लाल भाताची, आईच्या वेळचं बी, जाडंभरडं, आता कोणी खात नाही, पण वहिनी दरसाल मूठभर जपते, घरातल्या मोठ्या बाईने ते आधी टाकायचं आणि मगच विकतचं बी. वहिनीने कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये टाकलं, हात जोडले. मी म्हटलं, "वहिनी, जागेची मारामार आहे, शकुनाला अख्खा ट्रे कशाला?" तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी पुढचा ट्रे सरकवून दिला.

रोपं काय आली म्हणता... टेरेसवर योगा करणाऱ्या बायका आसनं सोडून फोटो काढायला लागल्या. मग पुढचं उधाण जवळ आलं, बांध अजून अर्धा उघडा, तशी अरुणा पण गाळ उचलायला गावाला गेली. जाताना म्हणाली, "ऊन मरणाचं आहे, पाणी तेवढं घाला." एवढंच. ती इतके दिवस स्वयंपाकघरातून बादल्या भरून नेत होती, हे बोलली का? नाही. मी पाटी वाचली, पाटी माझीच, पाइप लावला बोअरच्या नळाला.

दोन-तीन दिवसांनी शेंडे पिवळे. मला वाटलं, ऊन. मी पाणी वाढवलं. अजून पिवळे. मी दुपारचं पण चालू केलं... काळजी होती हो मला, झोप लागत नव्हती, घरचं शेत आहे.

आणि मग त्या दोघी आल्या. बांध उभा केला होता त्यांनी. उधाण येऊन, धडकून, परत गेलं होतं. खुशीत जिना चढल्या, वहिनीच्या पायाला अजून चिखल. टेरेसवर आल्या आणि समोर ट्रेच्या ट्रे वाळलेलं गवत.

वहिनी खाली बसली. "भावजी, काय घातलाव?"

"पाणी."

अरुणाने नळ सोडला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. "अहो, हे खारं आहे. खाडीच्या काठचा माणूस तुम्ही, एकदा चव घेता आली नाही?"

आता बीपी म्हणून डॉक्टरने मीठ बंद केलेल्या माणसाने चव कशाची घ्यायची? हे मी बोललो. बोलायला नको होतं. वहिनी पदर तोंडाला लावून बसली होती आणि तिच्या हाताच्या बोटांची सालपटं निघालेली. बांध आहे, शेत आहे, पाऊस यायचाय, आणि लावायला रोप नाही. आणि हे सगळं माझ्यामुळे. मलाच रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मी आपला पाइप गुंडाळायला वळलो, काहीतरी करायचं म्हणून. पाइपचं तोंड कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये पडलेलं. रोज तिथंच टाकून जायचो, म्हणजे सगळ्यात जास्त पाणी त्याच ट्रेने प्यायलेलं... आणि तो हिरवागार.

"वहिनी," म्हटलं, "हे काय?"

ती उठली, एक रोप उपटलं, मूळ बघितलं. "सासूचा लाल भात हाय ह्यो."

मग त्या दोघी जे बोलायला लागल्या, मी तिथे आहे हेच विसरल्या. बांध असे पक्के नव्हते तेव्हा सगळी खारपट्टी हेच लाल भात लावायची, खारं सोसायचं ते. नंतर विकतचं बी आलं आणि हे राहिलं एका मुठीपुरतं. ठरलं, बांधाकडेला लाल, पिकेल ते सगळं बियाण्याला. पावसाने मीठ धुऊन गेलं की उरलेल्या शेतात वहिनीच्या बहिणीकडची जास्तीची रोपं, तिचं शेत वरच्या अंगाला, गोड्या जमिनीत. लावणी झाली. शेत पडीक राहिलं नाही, हे आधी सांगतो, तुमचा जीव भांड्यात पडू दे.

माझा नाही पडला. कारण ही बातमी आळीत फुटली आणि प्रत्येक बाईने कुठल्या ना कुठल्या डब्यातून आजेसासूचं मूठभर बी काढलं. सगळं माझ्या टेरेसवर. "भावजींना द्या, खारं घालून कुठला जगतो ते सांगतील." शहाजीरावांनी परवानगी दिली, का, तर नियमाप्रमाणे बोअरचंच पाणी आहे. आणि वहिनीचा हुकूम, "पाऊस परला का बोअर गोरा होतो, रोज चाखून घालाचा." गोरा म्हणजे गोडा, आणि गोड्या पाण्यावर काय, कुठलंही बी जगतं.

म्हणजे बघा, घरात आमटीला मीठ नाही, आणि रोज सकाळी जिने चढून मी नळाखाली बोट धरून उभा. खालून अरुणा ओरडते, "अहो, पुरेसं खारट आहे ना?" मी म्हणतो, आहे. आणि आता माझं काय चुकलं, असं विचारायची पण सोय राहिली नाही. सगळ्याजणी म्हणतात, काही चुकलं नाही, रोज असंच करा.